वीटभर उघडं दार

आमच्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात पाहुणे आले की संचालक माधवराव सर त्यांना आधी गच्चीवर नेऊन सोलर दाखवतात, मग खाली सभागृह, आणि शेवटी माझं ग्रंथालय. पाहुणे भिंतीला तळहात लावून बघतात. भिंत गार लागते. मग मला विचारतात, "बाई, एसी नाही तरी खरंच उकडत नाही?" मी "नाही" म्हणते आणि ते खोटं नसतं. पण ही भिंत गार ठेवतं कोण, हे तीन वर्षांत एकाही पाहुण्याला विचारावंसं वाटलं नाही. इतकी शिकलेली माणसं, पण अक्कल गच्चीवरच ठेवून खाली उतरतात. त्या रागानंच हे लिहायला बसले आहे.

ती भिंत महमूद सरखोत गार ठेवायचे. आम्ही त्यांना महमूदभाई म्हणतो. राहायला रोह्याला, वय साठीच्या अलीकडे, उंच, थोडे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम थर्मामीटर. दुसरे लोक पेन ठेवतात तसा.

इथं येण्याआधी सव्वीस वर्षं ते आखातात, दोह्याला होते. एका बड्या हॉटेलाच्या तळघरात एसीची अजस्र यंत्रं चालवायची, हे काम. वर साडेचारशे खोल्यांत गारवा आणि खाली हे. तळघराला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की चांदणं, हे वरून येणाऱ्या माणसाच्या कपाळाकडे बघून कळायचं, असं ते सांगायचे. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी. तेवढ्यात घर बांधलं, पोरांच्या शाळा बघितल्या, बहिणींची लग्नं लावली आणि पुन्हा तळघरात उतरले.

त्यांना तीन मुलं. थोरली अफशा, मधला तमीम, तिसरी मुलगी सौदीला दिलेली. तिघांच्याही जन्माच्या वेळी महमूदभाई तळघरात होते. त्यांच्यात मूल जन्मलं की त्याला नीट पुसून, गुंडाळून, घरातला पुरुषमाणूस त्याच्या उजव्या कानात हळू आवाजात अजान देतो आणि डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज उभी राहताना म्हणतात ते शब्द. बाळाच्या कानावर पडणारे पहिले शब्द ते. शक्यतो बापाने द्यायची. या तिघांना मात्र शेजारच्या एका चुलत्यांनी दिली. तिन्ही वेळा आमनाभाभींनी, म्हणजे महमूदभाईंच्या बायकोने, त्या चुलत्यांना बोलवायला माणूस धाडला.

"तमीमच्या वेळेला मी फोनवर म्हटलं, रिसीव्हर त्याच्या कानाला लावा, मी देतो हितून," एकदा डबा खाताना त्यांनी मला सांगितलं. "लाइन कट झाली. परत लागली तवर चाचा देऊन गेलेले."

हे सांगताना ते हसले होते. मला काही हसू आलं नाही.

आता इमारतीचं सांगते. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना डाव्या हाताला दिसते ती. ऋजुता नावाच्या पुण्याच्या आर्किटेक्ट बाईने तिची रचना केली. वय पस्तीस, हुशार, आणि उन्हातान्हात स्वतः शिडीवर चढणारी. तिचं म्हणणं सोपं होतं. इमारतीला वर्षभरात जेवढी वीज लागेल जवळजवळ तेवढी तिनं स्वतःच तयार करायची. आणि हे जमवायचं तर मुळात लागायलाच कमी हवी. म्हणून जांभ्याच्या जाड भिंती, पश्चिमेला खिडकी नाही, मधोमध एक उंच पोकळ मनोरा, आणि भिंतींत खाली-वर मिळून चौसष्ट लाकडी झडपा. संध्याकाळी ऊन उतरलं की झडपा उघडायच्या. तापलेली हवा मनोऱ्यातून वर निघून जाते, गार वारा आत शिरतो आणि सकाळपर्यंत भिंती निवतात. ऊन चढायच्या आत झडपा बंद. मग दिवसभर भिंती तो गारवा पुरवून पुरवून देतात. सभागृहाला लागणारी ताजी हवा जमिनीखालून पुरलेल्या लांब पाइपांतून येते, तिथंच थोडी गार होऊन.

ऋजुताच्या अहवालात एक वाक्य होतं, "झडपा इमारतीचे वापरकर्ते उघडतील व बंद करतील." मी ग्रंथपाल असल्यामुळे अहवाल माझ्याकडेच ठेवायला आला आणि ते वाक्य वाचून मी एकटीच हसले. वापरकर्ते म्हणजे आमचे प्राध्यापक. त्यांना स्वतःच्या टेबलावरचा पंखा बंद करायला शिपाई लागतो.

तर पहाटे फजरची नमाज पढून महमूदभाई स्कूटरवर निघायचे. धाटावला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या कंपनीच्या बसेस त्यांना वाटेत उलट्या भेटायच्या. सहाला इथं. चौसष्ट झडपा एका ठरावीक क्रमाने बंद. दर तासाला थर्मामीटर. दुपारी पाइपांची तोंडं झाडायची. संध्याकाळी सात वाजता पुन्हा चौसष्ट झडपा उघडायच्या, मग मनोऱ्याच्या शिडीवरून वर जाऊन तिथली अकरा झाकणं. रविवारीसुद्धा. पावसाळ्यात वाऱ्याची दिशा बघून दिवसातून चार चार वेळा.

"वीज शून्य," ते म्हणायचे, "पण माझे गुडघे धरले नायत बाई त्यात."

तरी पहिल्या वर्षी ते खूश होते. खिडक्याच खिडक्या असलेलं काम! स्वतःच्या घरीसुद्धा त्यांना एवढा वारा नव्हता. आखातातल्या कमाईचा बंगला, मोठाल्या काचा, दुपारी आत भाकरी भाजावी इतका तापायचा. म्हणून प्रत्येक खोलीत एसी आणि सगळ्या काचा कायम बंद. महमूदभाई उशी घेऊन गच्चीत झोपायचे.

आता त्यांची खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या खोडीमुळे झालं. झडपांचा क्रम ते कुणाला सांगत नसत. मी विचारलं तर म्हणायचे, "त्यात काय, अंदाजाने." शिपाई मदतीला गेला तर त्याला गोड बोलून चहा आणायला पाठवायचे. मला आधी राग आला. आमच्या पेणला हे मला नवीन नाही म्हणा. घरचा गणपतीचा कारखाना आहे. माझा नवरा माती मळण्यापासून रंगापर्यंत सगळं शिकवेल, पण डोळ्यांची आखणी करताना दाराकडे पाठ करून बसतो. पण ती कला झाली. झडपेत कसलं आलंय गुपित?

मग एकदा त्यांनी सांगितलं. दोह्यात त्यांना काम शिकवलं ते कान्हू नावाच्या नागोठण्याकडच्याच एका माणसाने. हे त्याला उस्ताद म्हणायचे. उस्तादने गाववाला म्हणून जीव लावून शिकवलं, काही मागे ठेवलं नाही. तीन महिन्यांनी कंपनीच्या लक्षात आलं की आता हे काम दोघांना येतं. त्यांनी उस्तादचं परतीचं तिकीट काढलं आणि महमूदभाईंना त्याच्या खुर्चीवर बसवलं.

"त्यानं जाताना मला डबा भरून दिला बाई. त्या दिवशी मी शिकलो. काम शिकवायचं, पण शेवटची एक गोष्ट आपल्याकडं ठेवायची. ती असली की कोण हात लावत नाय."

सव्वीस वर्षं कुणी हात लावला नाही, हे खरं होतं.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी एक दिवस रजा घेतली, म्हसळ्याला भाचीचं लग्न होतं. शिपायांना सांगून गेले, "सकाळी झडपा बंद करा, बाकी हात लावू नका." शिपायांनी बंद केल्या. दुपारी त्यांच्यातल्या एका शिपायाला जरा उकडलं. उकडलं की माणूस काय करतो? खिडकी उघडतो. त्यांनी भर दुपारी बाराच्या उन्हात चौसष्टच्या चौसष्ट झडपा उघडल्या आणि वर कौतुकाने उभे राहिले. भिंतींनी दोन दिवसांचं ऊन पिऊन घेतलं. सभागृहात परीक्षा चालू होती, एक मुलगी चक्कर येऊन पडली. सगळीकडे टेबलफॅन आले. विजेच्या मीटरने महिन्याभराची उडी दोन दिवसांत मारली.

नेमकं तेच वर्ष इमारतीच्या परीक्षेचं होतं. जून ते मे अशा बारा महिन्यांत इमारतीने बाहेरून किती वीज घेतली ते बघून समिती प्रमाणपत्र देणार होती. माधवराव सरांनी दुसऱ्याच दिवशी आदेश काढला. एकतीस मेपर्यंत महमूद सरखोत यांना रजा नाही.

महमूदभाईंनी तो कागद मला दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गर्व होता. "बघा, मी नसलो की काय होतं." सव्वीस वर्षांची त्यांची विद्या फळाला आली होती. आणि आपण स्वतःला आत घालून दाराला कडी लावली, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही.

ते एप्रिलमध्ये कळलं. अफशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा जुहेब दोह्यालाच नोकरीला, त्याला सुट्टी जुलैपर्यंत नाही. तमीम दुबईला. डॉक्टरांनी तारीख दिली वीस मेच्या आसपासची. आमनाभाभींनी जेवताना एकच वाक्य म्हटलं, "या वेळेला तुमी हाव ना हितं?"

ते "हो" म्हणाले. नातवाला अजान आपणच द्यायची, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. मला सांगताना तर त्यांनी खिशातला थर्मामीटर काढून उगाच पुसला.

मग ते सरांकडे गेले. माधवराव सर वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सर उठून उभे राहिले, महमूदभाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "महमूदभाई, वीस तारखेलाच समितीची शेवटची भेट आहे हो. सगळं केंद्र तुमच्या हातात आहे. फक्त हा महिना." अशा माणसाला काय बोलणार? ते परत आले ते ग्रंथालयाच्या ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळ झाली तरी झडपा उघडायला उठले नाहीत.

"दोह्यात पासपोर्ट साहेबाच्या कपाटात असायचा," ते म्हणाले. "हितं तर कोणी माझं काय घेतलं नाय. तरी पाय उचलत नाय."

मी तापट आहे, हे माझा नवरा सांगेल. मी म्हटलं, "मग लिहून द्या ना सगळं! मला द्या. मी करते. चौसष्ट झडपाच आहेत ना, का विमान उडवायचंय?"

"बाई, लिहून दिलं की संपलं."

"काय संपलं? नात-नातू होतोय तुम्हाला. आणखी किती जणांना शेजारच्यांकडून अजान द्यायचीय?"

हे बोलायला नको होतं. ते उठून गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर तमीमची शाळेतली जुनी वही ठेवली. अर्धी भूगोलाची, अर्धी झडपांची. अक्षर सुरेख, प्रत्येक झडपेला नंबर, कोणत्या महिन्यात किती वाजता, वारा खाडीकडून असला तर काय, ढग असले तर काय. मी वाचत गेले आणि मला कळलं की हा माणूस अंदाजाने काहीही करत नव्हता.

मी मेच्या दहा तारखेला उपकेंद्राच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायला आले. कारखान्यात मे म्हणजे हाताला हात कमी पडतात, नवरा कुरकुरला. मी म्हटलं, तुमचे गणपती भाद्रपदात येणार आहेत, हे बाळ आत्ताच येतंय. आठ दिवस मी महमूदभाईंच्या मागे फिरले. आधी पूर्वेच्या, मग दक्षिणेच्या. खालच्या बंद झाल्याशिवाय वरची झाकणं लावायची नाहीत, आणि त्यातलं एक दिवसाही उघडंच ठेवायचं. दोन दिवस तर मी सगळं एकटीने केलं आणि ते नुसते मागे उभे राहिले. माधवराव सरांनीही बघितलं, वही चाळली आणि म्हणाले, "ठीक आहे, वत्सलाबाई आहेत. गरज पडली तर जा तुम्ही."

एकोणीस मेच्या संध्याकाळी अफशाला रोह्याला दवाखान्यात नेलं. महमूदभाई झडपा उघडून गेले. जाताना जिन्यापाशी थबकले. मला वाटलं काही सांगणार. "सांभाळा," एवढंच म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

वीस तारखेला मी सहाला सुरुवात केली. एकेक झडप, वहीत बघून. नऊला सगळ्या झडपा बंद. भिंती गार. साडेदहाला समितीची चार माणसं आली, ऋजुता आली, सभागृहात साठ विद्यार्थी बसवले. सरांनी प्रास्ताविक सुरू केलं. पावणेअकराला हॉलमध्ये एकोणतीस अंश. अकराला एकतीस. सव्वाअकराला बत्तीस, आणि हवा अशी कोंडली की पुढच्या रांगेतल्या मुली वहीने वारा घेऊ लागल्या. सर बोलता बोलता मान पुसत होते. समितीतल्या एका बाईंनी वर बघितलं, जणू पंखा कुठे आहे ते शोधत होत्या.

मी वही पुन्हा वाचली. ऋजुताने माझ्या हातातून घेऊन वाचली. "सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "पाइपांतून हवा येतेय, पण ओढच नाही. ती बाहेर कुठून जाते?" तिच्याच इमारतीत तिलाच कळेना.

तेव्हा मी फोन केला. अर्धा तास थांबले असते तर काय झालं असतं? साठ मुलं घामाघूम झाली असती. समितीने दोन गुण कमी दिले असते. हे आज सुचतं. त्या वेळी मी नंबर लावला.

दोनदा लागला नाही. दवाखान्यात वरच्या मजल्यावर रेंज नव्हती. तिसऱ्यांदा लागला आणि तुटला. मग त्यांचाच आला, मागे रिक्षाचे हॉर्न. रेंज मिळावी म्हणून ते जिने उतरून गेटपाशी आले होते.

"महमूदभाई, हॉल तापलाय. वहीत सगळं लिहिलंय ना?"

"लिवलंय ना."

"सगळं?"

मी फोन घट्ट कानाला धरला होता आणि ऋजुता माझ्या खांद्याला खांदा लावून ऐकत होती. मागे कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं.

"जिन्याखालचं दार," ते शेवटी म्हणाले. "मनोऱ्यात उघडतं ते. त्याच्या मागं एक वीट हाय. दार वीटभर उघडं ठेवायचं. पुरं उघडलं तर जिन्याची हवा ओढतं, हॉलची नाय. लावलं तर कोणचीच नाय. वीट आडवी नको, उभी..."

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून एका बाईची हाक ऐकू आली, "चाचा! अवो चाचा, वर चला, तुमाला बोलवतात!" आणि फोन बंद झाला.

मी जिन्याखाली धावले. दाराच्या मागे वीट होती, कोपरे झिजून गोल झालेली. उभी ठेवली. दहा मिनिटांत समितीच्या टेबलावरचे कागद हलायला लागले. एका सदस्याने त्यावर चष्म्याची पेटी ठेवली. सरांचा आवाज सुधारला. पुढे सगळं छान झालं, म्हणजे त्यांचं.

महमूदभाई तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. मुलगी झाली होती.

"तुम्ही दिलीत ना अजान?" मी विचारलं.

"पोचायला उशीर झाला," ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून पाइपांची तोंडं झाडायला निघून गेले. मी पुडा न उघडता तसाच कपाटात ठेवला.

प्रमाणपत्र मिळालं. दारात पितळी पाटी लागली. ऋजुता पुन्हा आली ती चांगल्याच मनाने. "या वयात काकांनी शिडी चढायची? ते काही नाही," असं म्हणून तिने कुठूनसा निधी मिळवला आणि दिवाळीत प्रत्येक झडपेला तळहाताएवढी मोटर बसवली. खाली एक संगणक. त्याला हुकूम कुठले दिले? तमीमच्या वहीतले, शब्दन्‌शब्द. जिन्याखालच्या दाराला वीटभर अंतरावर एक लोखंडी आकडा बसवला. वीट कुणीतरी कचऱ्यात टाकत होतं, ती मी उचलून ग्रंथालयात आणली.

आता संगणक तापून चालत नाही. म्हणून जिन्याशेजारची एक बिनखिडकीची खोली त्याला दिली आणि तिला एक छोटा एसी लावला. आमच्या इमारतीतला एकमेव. पाहुण्यांना सर ती खोली दाखवत नाहीत. तिथं एका खुर्चीवर बसून पडद्यावरचे चौसष्ट हिरवे ठिपके बघायचे, एखादा लाल झाला तर ऋजुताला फोन करायचा, हे महमूदभाईंचं काम. त्यांना कुणी काढलं नाही. सर म्हणाले, "संस्था तुम्हाला विसरणार नाही."

मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्या कपाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "बाहेर ऊन हाय ना?"

जानेवारीत त्यांनी तीन दिवसांची रजा मागितली, अफशाला सासरी पोचवायचं होतं. माधवराव सर कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी बोलता बोलताच सही केली. "घ्या की महमूदभाई, आठवडाभर घ्या." ते कागद हातात घेऊन माझ्याकडे आले आणि उभेच राहिले.

"वाचला पण नाय बाई," ते म्हणाले.

मग मला राहवेना. तिन्ही गोष्टी माझ्यामुळे झाल्या होत्या. वही मी लिहायला लावली, फोन मी केला, आणि शेवटची गोष्ट साऱ्या जगाला कळली ती माझ्या कानातून. अफशा जायच्या आदल्या रविवारी मी पेणहून रोह्याला गेले. बाळासाठी स्वतः शिवलेलं झबलं घेतलं. महमूदभाई बाजारात गेले होते. आमनाभाभींनी दार उघडलं. बाळाचं नाव सहर, आठ महिन्यांची, टकामका बघणारी.

चहा होईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग म्हटलं, "भाभी, त्या दिवशी तो फोन मी केला होता."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "बिस्कीट घ्या."

"माझ्यामुळे त्यांची अजान..."

"ऐका," आमनाभाभी म्हणाल्या आणि सहरला माझ्या मांडीवर दिलं. "नर्स बाळ घेऊन आली. बोलली, पुरुषमाणूस कोण हाय? माझ्या तोंडात आलंच, नाय कोण. तीन वेळा तेच बोलली ना मी, सवय. चाचा आता ऱ्हायले नायत. मग मी म्हटलं, आता कोणाला बोलवायचं नाय. किती बोलवायचं? बाळाला घेतलं, ओठ लावले नि उजव्या कानात मीच दिली. हळूच. अल्ला ऐकतो."

"मग?"

"मग डावा ठेवला. डाव्यात इकामत द्यायची असती. तिला उराशी धरली नि डाव्या कानावर हात ठेवून बसली. नर्स बोलली, झालं काय? म्हटलं, अर्धं झालं. अर्धं जिन्यावरून येतंय."

सहरने माझं मंगळसूत्र धरलं होतं. मी ते सोडवून घेतलं नाही.

"आले. धापा टाकत. मला बघून समजले, उशीर झाला. तसेच दारात उभे. मी म्हटलं, रडू नका, हा कान तुमचा हाय. नि हात काढला. आवाज फुटना त्यांना. मग फुटला. ती पोर डोळे मिटून ऐकत व्हती. मी पण ऐकला. सव्वीस वर्सं फोनात ऐकला ना बाई, तो आवाज. पयल्यांदा माझ्या म्होरं, घरच्या बाळाच्या कानात."

आम्ही दोघी रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात महमूदभाई पिशव्या घेऊन आले. मला बघून बावरले. सहर त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी तिला घेतलं आणि लगेच गच्चीकडे निघाले. मागून भाभी ओरडल्या, "अवो, टोपी घाला तिला, वारा हाय." ते टोपी न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातली वीट काढली, त्या बिनखिडकीच्या खोलीपाशी गेले आणि दाराच्या फटीत उभी ठेवली. दार वीटभर उघडं राहिलं. समोरच्या ओसरीवरचं ऊन त्यांच्या खुर्चीपर्यंत आलं.

"बाई, एसी बाहेर जाईल. संगणक तापेल."

"तापू दे."

त्यांनी विटेकडे बघितलं. उठून ती जराशी सरकवली, माझी थोडी तिरकी पडली होती. मग पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

त्या महिन्यात मीटर थोडा वर चढला. फार नाही, पण ऋजुताच्या डोळ्यांतून ते सुटणार कसं? तिचा पुण्याहून फोन आला. सगळ्या झडपा वेळेवर चालतायत, मग ही वीज जातेय कुठं, ती विचारत होती. मी म्हटलं, बघते. अजून बघतेच आहे.